विश्लेषण : ५० वर्षांहून अधिक काळ गोठवून ठेवलेले प्राध्यापक जेम्स बेडफोर्ड कोण होते? त्यांना गोठवणाऱ्यांचा मूळ पेशा काय होता?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात स्कॉट्सडेल येथे पोलादी टाक्यांमध्ये काही मृतदेह द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेले आहेत. त्यांपैकी सर्वांत जुना देह आहे मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेडफोर्ड यांचा. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भविष्यात पुन्हा जिवंत होण्याच्या आशेने गोठवले गेलेले ते पहिले मानव ठरले. हयातभर त्यांनी इतरांना पेशा निवडण्याबाबत मार्गदर्शन केले. मात्र स्वतःचा देह त्यांनी ज्यांच्या हाती सोपवला, त्यांतील बहुतेकांचा मूळ पेशा वेगळाच होता.

जेम्स बेडफोर्ड कोण होते?

बेडफोर्ड यांचा जन्म २० एप्रिल १८९३ रोजी झाला. कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल कॉलेजमध्ये ते मानसशास्त्र शिकवत. व्यवसाय मार्गदर्शन हा त्यांचा खास विषय. कोणत्या माणसाला कोणते काम मानवेल, त्यासाठी काय शिकावे लागेल, या विषयावर त्यांनी पुस्तके लिहिली. प्रवासाचीही त्यांना मोठी हौस होती. आफ्रिका, ॲमेझॉनचे जंगल, युरोपातील अनेक देश असा त्यांचा प्रवास झाला होता. उतारवयात त्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग झाला आणि तो फुप्फुसांपर्यंत पसरला. त्या काळात यावर उपाय नव्हता. त्याच सुमारास गोठवण्याच्या कल्पनेने त्यांचे लक्ष वेधले.

ही कल्पना आली कुठून?

रॉबर्ट एटिंगर हे मिशिगनमधील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र आणि गणित शिकवत. दुसऱ्या महायुद्धात ते जबर जखमी झाले होते. हाडांच्या रोपणशस्त्रक्रियेमुळे त्यांचे पाय वाचले. आज असाध्य वाटणारे उद्या साध्य होते, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात पक्का झाला. त्यांचे ‘द प्रॉस्पेक्ट ऑफ इमॉर्टॅलिटी’ हे पुस्तक १९६४ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून बाजारात आले. मृत्यूनंतर देह अतिशीत तापमानात ठेवावा, म्हणजे पुढच्या काळातील वैद्यकशास्त्र तो दुरुस्त करू शकेल, असा त्यांचा तर्क होता. पुढे या प्रकाराला क्रायोनिक्स हे नाव पडले. पुस्तक वाचून ठिकठिकाणी हौशी मंडळींच्या संस्था उभ्या राहिल्या, पण प्रत्यक्षात कुणालाही वेळेत गोठवले गेले नव्हते.

१२ जानेवारी १९६७ रोजी काय घडले?

त्या दिवशी ग्लेनडेल येथील शुश्रूषागृहात वयाच्या ७३ व्या वर्षी बेडफोर्ड यांचे निधन झाले. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केल्यानंतर छातीवर दाब देऊन रक्त फिरते ठेवण्याचा प्रयत्न झाला आणि देह बर्फाने थंड करण्यात आला. पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होऊन नुकसान होऊ नये म्हणून डायमिथिल सल्फॉक्साइड हे रसायन टोचण्यात आले. मग देह ड्राय आइसमध्ये ठेवला गेला. काही दिवसांनी तो फिनिक्स येथे नेऊन थर्मासच्या तत्त्वावर बनवलेल्या मोठ्या पिंपात, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्यात आला.

‘लाइफ’ या गाजलेल्या साप्ताहिकाने या घटनेवर मजकूर तयार केला होता, अंकाची छपाईही सुरू झाली होती. पण २७ जानेवारीला अपोलो-१ यानाला आग लागून तीन अंतराळवीरांचा मृत्यू झाला आणि ती बातमी मागे पडली.

त्यांना गोठवणारे कोण होते?

या कामात तीन नावे पुढे होती. कॅलिफोर्नियातील क्रायोनिक्स सोसायटीचे अध्यक्ष रॉबर्ट नेल्सन हे टीव्ही दुरुस्तीचे काम करत. रॉबर्ट प्रेहोडा हे विज्ञानलेखक होते, तर डान्टे ब्रुनोल हे डॉक्टर आणि जैवभौतिकीचे अभ्यासक. ज्या पिंपात देह ठेवला गेला ते बनवणारे फिनिक्सचे एड होप हे मुळात केसांचे टोप विकणारे व्यावसायिक. न्यूयॉर्कमधील संस्थेचा भार कर्टिस हेंडरसन या वकिलावर होता. थोडक्यात, भौतिकशास्त्राचा शिक्षक, टीव्ही दुरुस्त करणारा, टोपविक्रेता आणि वकील अशा माणसांनी हे क्षेत्र उभे केले. अतिशीत तापमानात ऊतींचे काय होते, याचा रोजच्या रोज अभ्यास करणारे शास्त्रज्ञ त्यात जवळपास नव्हतेच.

शास्त्रज्ञ दूर का राहिले?

शुक्राणू, भ्रूण यांसारख्या सूक्ष्म गोष्टी गोठवून पुन्हा वापरता येतात. १९८४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणापासून पहिले मूल ऑस्ट्रेलियात जन्मले. पण संपूर्ण अवयवाची गोष्ट वेगळी असते. तो सर्वत्र सारख्या वेगाने थंड होत नाही, रसायनेही सगळीकडे सारखी पोहोचत नाहीत आणि बर्फाचे स्फटिक पेशींची रचना मोडतात. अख्ख्या देहाबाबत तर अडचणी कितीतरी पटींनी वाढतात. गोठवलेला माणूसच काय, गोठवलेला कोणताही सस्तन प्राणी अशा तापमानातून आजवर परत आणता आलेला नाही. लोकांच्या भोळ्या आशेवर चालणारा उद्योग म्हणून आपले शास्त्र बदनाम होईल, अशी भीती संशोधकांना होती. १९८२ मध्ये ‘सोसायटी फॉर क्रायोबायोलॉजी’ या शास्त्रज्ञांच्या संघटनेने मृत व्यक्तींना गोठवण्याचे काम करणाऱ्यांना सदस्यत्व नाकारण्याची तरतूद नियमांत केली. त्यामुळे या विषयातील तरुण संशोधकाला क्रायोनिक्समध्ये जाणे म्हणजे आपल्या कारकीर्दीवर पाणी सोडण्यासारखे झाले.

मग बेडफोर्ड यांचा देह टिकला कसा?

याचे मोठे श्रेय त्यांच्या पत्नी आणि मुलाकडे जाते. बेडफोर्ड यांनी या कामासाठी १ लाख डॉलर ठेवले होते. मात्र काही नातेवाइकांनी मृत्युपत्राला आव्हान दिले आणि त्याहून अधिक रक्कम न्यायालयीन लढ्यातच खर्च झाली. तरीही पत्नी आणि मुलगा मागे हटले नाहीत. देह फिनिक्समध्ये सुमारे दोन वर्षे राहिला. १९६९ मध्ये तो कॅलिफोर्नियातील गॅलिसो या कंपनीकडे गेला. पुढे तो ट्रान्स टाइम या संस्थेकडे सोपवण्यात आला. १९७७ पासून पाच वर्षे मुलाने आणि सुनेने तो भाड्याच्या गोदामात ठेवला. नायट्रोजन सतत उडून जात असल्याने ठरावीक काळाने भर घालावी लागते. ती भर हे कुटुंब स्वतः घालत होते. १९८२ मध्ये देह अल्कोर या संस्थेच्या ताब्यात आला.

नेल्सन यांनी गोठवलेल्या इतरांचे काय झाले?

लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थ येथील दफनभूमीत नेल्सन यांनी तळघर करून काही देह पिंपांत ठेवले होते. त्यांत एका लहान मुलीचाही समावेश होता. काही नातेवाइकांकडून पैसे येणे थांबले, निर्वात पंप बंद पडू लागले आणि नायट्रोजन संपत गेला. देह वितळले होते, तरी ही गोष्ट दीर्घकाळ कुटुंबांपासून लपून राहिली. १९७९ मध्ये प्रकार उघड झाला. नऊ देह नष्ट झाले होते. पुढे न्यायालयीन निकाल नेल्सन यांच्या विरोधात गेला. बेडफोर्ड यांचा देह कुटुंबाने आधीच दुसरीकडे नेला होता, म्हणून तो या दुर्घटनेतून वाचला. १९७४ पूर्वी गोठवलेल्यांपैकी आज केवळ त्यांचाच देह शिल्लक आहे.

त्यानंतर या क्षेत्रात कोण आले?

चॅट्सवर्थने एक धडा दिला. एका माणसाच्या उत्साहावर हे काम चालणार नाही, त्याला पैशांची तजवीज आणि कौशल्य दोन्ही लागतील. अल्कोर ही संस्था १९७२ मध्ये फ्रेड आणि लिंडा चेंबरलेन या दाम्पत्याने स्थापन केली होती. फ्रेड हे नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत विद्युत अभियंता होते. १९८० च्या दशकात संस्थेचे अध्यक्ष झालेले माइक डार्विन हे डायलिसिस तंत्रज्ञ होते. जेरी लीफ यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात छाती व हृदयाच्या शस्त्रक्रियांच्या संशोधनात काम केले होते. हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने देह थंड करण्याचे तंत्र त्यांनी या क्षेत्रात आणले. पुढे रुग्णवाहिकेतील आपत्कालीन सेवक, शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ, अंत्यसंस्कार व्यावसायिक आणि विमा सल्लागार यांचाही या कामाशी संबंध आला. विमा सल्लागार यासाठी, की बहुतेक सदस्य आयुर्विम्याच्या रकमेतून खर्चाची सोय करतात.

आज बेडफोर्ड यांची स्थिती काय?

२५ मे १९९१ रोजी त्यांना जुन्या पिंपातून नव्या टाकीत हलवण्यात आले. तेव्हा झालेल्या बाह्य तपासणीत त्वचेवर काही ठिकाणी रंग बदललेला आढळला, मात्र देह मधल्या काळात वितळला असल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. १९९४ मध्ये अल्कोरबरोबर ते स्कॉट्सडेलला आले. अल्कोर आता स्फटिक होऊ न देता देह काचेसारखा घट्ट करण्याचे तंत्र वापरते. बेडफोर्ड यांच्या वेळी ते नव्हते, त्यामुळे त्यांच्या मेंदूचे मोठे नुकसान झाले असण्याची शक्यता आहे, हे क्रायोनिक्सचे समर्थकही मान्य करतात.

कायद्याच्या दृष्टीने बेडफोर्ड मृतच आहेत. अल्कोर मात्र त्यांना रुग्ण मानते आणि १२ जानेवारी हा दिवस क्रायोनिक्सचे समर्थक बेडफोर्ड दिन म्हणून पाळतात. त्यांना परत आणायचे तर गोठलेल्या पेशी एकेक करून दुरुस्त करू शकणारे तज्ज्ञ लागतील. व्यवसाय मार्गदर्शनावर पुस्तके लिहिणारे बेडफोर्ड ज्या तज्ज्ञांच्या भरवशावर आहेत, त्यांचा पेशा अजून अस्तित्वात आलेला नाही. तोवर टाकीतील नायट्रोजनची पातळी पाहणारा आणि वेळेवर भर घालणारा कुणीतरी तिथे असणे, एवढेच त्यांच्या दृष्टीने निर्णायक आहे.