डॉ. इयान डोनाल्ड

आपल्या वालूरच्या जुन्या बारवेत उतरून कोणी मोठ्याने हाक मारली, तर ती दगडी भिंतींवर आपटून परत येते. मराठीत त्याला प्रतिध्वनी म्हणतात. उर्दूत आपण बाजगश्त म्हणतो. अशा परत येणाऱ्या आवाजावरून माणसाच्या पोटात काय आहे ते ओळखता येईल, असे ऐंशी वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर लोक हसले असते. एका डॉक्टरांना लोक खरोखरच हसले. त्यांचे नाव इयान डोनाल्ड.

इयान यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. वडील डॉक्टर होते. इयान शाळेत असतानाच हे कुटुंब दक्षिण आफ्रिकेत राहायला गेले. तेथे घरात घटसर्पाची साथ शिरली आणि आई दगावली. थोड्याच काळात वडीलही गेले. पोरक्या इयान यांनी केपटाउनला पदवी घेतली. मग ते लंडनला परतले आणि १९३७ मध्ये डॉक्टर झाले.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात डॉक्टर होते. एकदा एका विमानाला आग लागली. आत बाँब तसेच होते, तरी डॉ. डोनाल्ड आत शिरले आणि त्यांनी जखमी वैमानिकांना बाहेर काढले. या शौर्याबद्दल १९४६ मध्ये त्यांचा सरकारी सन्मान झाला. याच नोकरीत त्यांना रडार आणि सोनार या यंत्रांची माहिती झाली. रडार रेडिओलहरी सोडते, तर सोनार पाण्यात ध्वनिलहरी सोडते. लहर एखाद्या वस्तूवर आपटून परत आली, की ती वस्तू कोठे आहे ते कळते. ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली.

१९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या शहराजवळ बॉयलर बनवणारा एक मोठा कारखाना होता. पोलादात आतून भेग आहे का, हे तेथे श्राव्यातीत ध्वनीने तपासत. माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. २१ जुलै १९५५ रोजी डॉ. डोनाल्ड त्या कारखान्यात गेले. मोटारीच्या डिकीत त्यांनी काय नेले असेल? शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी! कारखान्याने तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. पाण्याने भरलेली गाठ आणि घट्ट मांसाची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. त्यांना हवे होते ते मिळाले.

पुढचे काम मात्र सोपे नव्हते. सुरुवातीचे यंत्र जुने आणि उसने आणलेले होते. पडद्यावर नुसत्या उंचसखल रेषा दिसत. टॉम ब्राउन नावाच्या तरुण अभियंत्याला ही हकिकत कळली, तेव्हा त्याने स्वतःच डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्याने चित्र दाखवणारे नवे यंत्र तयार केले. डॉ. जॉन मॅकव्हिकर हे तिसरे सोबती. सुरुवातीला अनेक सहकारी या खटाटोपाची थट्टा करत.

ही थट्टा एका बाईमुळे थांबली. तिचे पोट खूप फुगले होते आणि ती वाळत चालली होती. तिला पोटाचा कर्करोग आहे, पोटात पाणी साठले आहे आणि आता उपाय नाही, असे डॉक्टरांचे मत झाले होते. नव्या यंत्राने वेगळेच दाखवले. ते सुटे पाणी नव्हते. ती द्रवाने भरलेली एक प्रचंड गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, ती साधी होती. मरणाच्या दारातून बाई घरी गेली. १९५८ मध्ये या तिघांचा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आईच्या पोटातील बाळाला क्ष-किरण अपायकारक ठरू शकतात. ध्वनीत तसे किरण नसतात. त्यामुळे बाळाची वाढ, जुळी मुले, वारेची जागा हे पाहण्याचे साधन जगाला मिळाले. सोनोग्राफीपूर्वी भरपूर पाणी का प्यायला लावतात, तेही डॉ. डोनाल्ड यांच्याच पाहणीतून आले. भरलेल्या मूत्राशयातून ध्वनी सहज पलीकडे जातो.

पण या यंत्राला सगळे दिसत नाही. हाड ध्वनीला अडवते. आतड्यातील वायू आणि फुप्फुसातील हवा यांवरून तो मागे फिरतो, पलीकडचे दिसत नाही. लहान गाठ निसटू शकते. दिसलेली गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे ठरवण्यासाठी बहुधा तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. शिवाय यंत्र धरणारा हात आणि चित्र वाचणारा डोळा सरावलेला हवा. अहवाल चांगला आला म्हणून दुखणे अंगावर काढणारे लोक मी पाहिले आहेत. ती चूक यंत्राची नव्हे.

डॉ. डोनाल्ड यांचे स्वतःचे हृदय अधू होते. त्यावर तीनदा शस्त्रक्रिया झाली, तरी ते १९७६ पर्यंत काम करत राहिले. १९ जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. बाळ वाचवण्यासाठी त्यांनी जे साधन घडवले, त्याच साधनाने पुढे आपल्या देशात मुलगी आहे का हे पाहून तिला जन्माआधीच नाहीसे करण्याचे प्रकार होऊ लागले. गर्भाचे लिंग जाणून घेण्याच्या अशा चाचण्यांविरुद्ध देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. १९९४ मध्ये संसदेने साऱ्या देशासाठी कायदा केला. आता वालूरची एखादी बाई सोनोग्राफीसाठी सेलूला किंवा परभणीला गेली, तर केंद्रात एक पाटी लावलेली असते. येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो गुन्हा आहे, असे तिच्यावर लिहिलेले असते.