बाई एलिझाबेथ ब्लॅकवेल

ह्या बाईंचा जन्म इ. स. १८२१ त इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी झाला. १८४७ साली अमेरिकेतील जिनीवा येथील वैद्यकपाठशाळेत त्यांस प्रवेश मिळाला. तेथे व्याख्याने पुष्कळ, रोगी थोडे. म्हणून १८४८ च्या सुटीत त्या फिलाडेल्फियातील गरिबांच्या इस्पितळात राहिल्या. त्या आत आल्या की तरुण डॉक्टर उठून जात, आणि खाटेवरील चिठ्ठीवर रोगाचे नाव व औषध लिहिणेही त्यांनी सोडिले. मग बाई स्वतःच पाहून रोग ओळखावयास शिकल्या. १८४९ च्या जानेवारीत त्यांस पदवी मिळाली. अमेरिकेत ती मिळविणारी ही पहिलीच स्त्री.

तरी हात तयार नाही हे जाणून त्या पारीसच्या सूतिकागृहात गेल्या व खेड्यांतून आलेल्या मुलींबरोबर सुईणीचे काम शिकू लागल्या. पदवीधराने असे खाली बसणे आम्हां उपदेशकांसही कठीणच. नोव्हेंबरात एका तान्ह्या बाळाचे पुवाने भरलेले डोळे धूत असता त्यांतील पाणी बाईंच्या डोळ्यात उडाले, व तो डोळा कायमचा गेला. शस्त्रवैद्य होण्याची आशाही तेथेच सुटली. पुढे लंडनातील सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात त्यांनी पुन्हा अभ्यास केला. १८५७ त त्यांनी न्यूयॉर्कात गरीब स्त्रिया व मुले ह्यांकरिता इस्पितळ काढिले. त्यालाच जोडून १८६८ त स्त्रियांसाठी वैद्यकपाठशाळा उघडली, आणि तेथील विद्यार्थिनींस रोग्यांच्या उशाशी शिकावयास मिळू लागले.