लाल सिग्नलमागचा बावीस वर्षांचा पोरगा

सकाळी एव्हरशाईनमधून शेअर रिक्षा पकडून तुम्ही वसई रोड गाठलंत. चर्चगेट लोकलमध्ये कशीबशी जागा मिळाली, म्हणजे उभं राहायला. गाडी सुटली आणि नायगावच्या अलीकडेच थांबली. पाच मिनिटं झाली, सात झाली. डब्यात कुणीतरी रेल्वेच्या नावाने बोटं मोडायला लागलं. पहिलं लेक्चर तर गेलंच.

पण हजारो माणसांनी भरलेली एवढी जड गाडी एक लाल दिवा बघून मुकाट थांबते कशी, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? त्याचं अर्धं उत्तर जॉर्ज वेस्टिंगहाउस या माणसाच्या आयुष्यात आहे.

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज नावाच्या खेड्यातला. वडिलांचा शेतीची यंत्रं बनवायचा कारखाना होता आणि पोरगा कायम तिथेच रमलेला. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो कोवळ्या वयात सैन्यात गेला, मग नौदलात. परत आल्यावर कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्याच टर्ममध्ये कॉलेज सोडलं. एकोणिसाव्या वर्षी त्याच्या नावावर पहिलं पेटंट होतं.

मग एक दिवस तो रेल्वेने जात असताना पुढे दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या. रूळ सरळ, उजेड स्वच्छ. दोन्ही ड्रायव्हरना समोरची गाडी दिसत होती, पण थांबता आलं नाही. कारण तेव्हा ब्रेक ड्रायव्हरच्या हातात नसायचाच. प्रत्येक डब्याला एक हातचाक असायचं. इंजिनाची शिटी वाजली की ब्रेकमन नावाचे कामगार डब्यांच्या टपावरून धावत, एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत ती चाकं आवळायचे. पावसात, बर्फात, रात्री-अपरात्री. त्यातले कित्येक जण खाली पडून मेले.

सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम आणि ड्रायव्हरच्या हातून लागले पाहिजेत, हे जॉर्जच्या डोक्यात पक्कं बसलं. साखळीचा विचार केला, वाफेचा केला, पण जमेना. मग एका मासिकात त्याने आल्प्स पर्वतातल्या बोगद्याविषयी वाचलं. तिथे दाबलेली हवा लांबवर पाइपातून नेऊन त्यावर खडक फोडायची यंत्रं चालवत होते. हवेने डोंगर फुटतो, तर चाक का थांबणार नाही? एप्रिल १८६९ मध्ये त्याला एअर ब्रेकचं पेटंट मिळालं. वय बावीस. (मीही बावीसचीच. माझी अजून इंटर्नशिप चालू आहे, ते जाऊ द्या.)

पिट्सबर्गमध्ये पहिल्याच चाचणीच्या वेळी बोगद्यातून बाहेर पडताच फाटकात एक घोडागाडी आडवी आली आणि गाडीवान रुळांवर पडला. ड्रायव्हरने नवा ब्रेक ओढला. आगगाडी त्याच्यापासून काही फुटांवर थांबली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. कारण या पहिल्या ब्रेकमध्ये एक मोठी चूक होती. त्यात हवा सोडली की ब्रेक लागायचा. म्हणजे पाइप फुटला की ब्रेकच गेला, तोही नेमका गरजेच्या वेळी. १८७२ च्या सुमारास जॉर्जने सगळं उलटं केलं. आता पाइपात हवेचा दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला राहणार. दाब कमी झाला, पाइप फुटला, डबे तुटून वेगळे झाले, काहीही बिघडलं तरी प्रत्येक डब्यातल्या टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावणार. मेल-एक्स्प्रेसमध्ये साखळी ओढली की हेच होतं. पाइपातली हवा सुटते आणि गाडी थांबते.

सिग्नलमध्येही हेच तत्त्व आलं. विल्यम रॉबिन्सन नावाच्या संशोधकाने १८७२ मध्ये रुळांतून हलका वीजप्रवाह सोडून सिग्नल चालवायची पद्धत काढली. गाडीची चाकं दोन रुळांना जोडतात, प्रवाह पुढे पोचत नाही आणि मागचा सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, बॅटरी उतरली, वायर निघाली तरीही लालच. वेस्टिंगहाउसने अशी पेटंटं जमवून १८८१ मध्ये सिग्नलची वेगळी कंपनीच काढली.

आता आपल्याकडे या. विरारपर्यंत फास्ट लाइनवर लोकलच्या मागे-पुढे मेल-एक्स्प्रेस धावतात. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत तर लोकल, एक्स्प्रेस, मालगाडी सगळ्यांनी एकाच जोड रुळांवरून जायचं. प्रत्येकीचा वेग वेगळा, थांबायला लागणारं अंतर वेगळं. दोन गाड्यांच्या मध्ये असतो तो फक्त सिग्नल. मुंबईच्या लोकलमध्ये एडब्ल्यूएस नावाची यंत्रणाही आहे. मोटरमनकडून लाल सिग्नल ओलांडला गेलाच, तर ती स्वतः ब्रेक लावते.

पावसात रुळांवर पाणी चढलं की प्रवाह पाण्यातून झिरपतो आणि पुढे गाडी नसतानाही सिग्नल लाल होतो. आपण म्हणतो, सिग्नल फेल. खरं तर तो बिघडला आणि बिघडताना आपल्याला थांबवून गेला.

वेस्टिंगहाउसला सगळंच सहज मिळालं असं समजू नका. १८८६ मध्ये पन्नास डब्यांच्या मालगाडीवर चाचणी झाली तेव्हा त्याचा ब्रेक सपशेल आपटला. त्याने तो पुन्हा बांधला. १८९३ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला आणि ब्रेकमनचं टपावरून धावणं हळूहळू बंद झालं. विजेच्या धंद्यात त्याने एडिसनला टक्कर दिली, पण १९०७ च्या मंदीत स्वतःचीच वीज कंपनी हातातून गेली. १२ मार्च १९१४ ला तो वारला. मागे साडेतीनशेहून जास्त पेटंट होती.

एक गोष्ट मात्र त्याच्या यंत्रांना जमली नाही. सिग्नल लाल होऊन गाडी थांबते, पण तो दुरुस्त करायला अजूनही माणसालाच रुळावर उतरावं लागतं. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड आणि नायगावच्या मध्ये सिग्नलच्या कामासाठी गेलेल्या रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना लोकलने उडवलं. तिघंही गेले. आपण जिथे रोज घड्याळ बघत चडफडतो, तिथेच. टपावरचे ब्रेकमन वाचले, रुळांवरची ही माणसं अजून वाचायची आहेत. तुमच्यापैकी कुणी इंजिनीअरिंगला असाल, तर हे काम बाकी आहे.

उद्या गाडी पुन्हा मध्येच थांबेल. लेक्चर बुडेल, चिडचिड होईल, ती होऊ द्या. फक्त दारापाशी उभे असाल तर एकदा रुळांकडे बघा. तिथे नारिंगी जॅकेट घातलेला कुणीतरी उभा असेल, तुमची गाडी पुढे जायची वाट बघत.