जपानी झाले, पण पगार परदेशी होता: लाफ्काडिओ हर्न यांच्या नोकरीची गोष्ट

1890 च्या एप्रिलमध्ये लाफ्काडिओ हर्न योकोहामा बंदरात उतरले तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती, शिकवण्याचा अनुभव नव्हता आणि जपानीचा गंधही नव्हता. डावा डोळा तर शाळेत असतानाच गेलेला. वय 39. हातात होते ते न्यूयॉर्कच्या हार्पर कंपनीचे लिखाणाचे काम, आणि तेही लवकरच गेले. सोबतच्या चित्रकाराला आपल्यापेक्षा जास्त पैसे मिळतात असे कळल्यावर हर्न यांनी रागारागाने करारच मोडून टाकला. परका मुलूख आणि खिसा रिकामा. विकण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे इंग्रजी.

आणि त्या काळच्या जपानात तिला गिऱ्हाईक होते. मेइजी सरकारला रेल्वे, कायदा, वैद्यक, सैन्य सगळे नव्याने उभे करायचे होते. त्यासाठी परदेशी माणसे ठरावीक मुदतीच्या करारावर आणि चांगल्या पगारावर आणली जात. शाळांतून इंग्रजी शिकवायलाही माणूस हवा असे. मात्र ओळखीशिवाय काम मिळणे तेव्हाही कठीणच. टोकियोच्या विद्यापीठातले इंग्रज प्राध्यापक बेसिल हॉल चेंबरलेन आणि शिक्षण खात्यातले हात्तोरी इचिझो यांनी हर्न यांच्यासाठी शब्द टाकला. हात्तोरींची ओळख न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनात झालेली होती. हर्न तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रात होते.

परकेपणा हर्न यांना नवा नव्हता. जन्म 1850 चा, ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर. ही बेटे तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होती. आई ग्रीक, वडील इंग्रजांच्या फौजेतले आयरिश डॉक्टर. दोन वर्षांचे असताना डब्लिनला आणले, पुढे आईबाप वेगळे झाले आणि आजीच्या नात्यातल्या एका श्रीमंत बाईने सांभाळले. तिचा पैसा बुडाला तसा या पोराचा आधार तुटला. 19 व्या वर्षी अमेरिकेत सिनसिनाटीला धाडून दिले. तिथे उपासमार काढली, एका छापखानेवाल्याने आसरा दिला, मग बातमीदारी जमली. पण ॲलेथिया फोली या मिश्रवंशीय बाईशी लग्न केले, जे ओहायो राज्याच्या कायद्यात बसत नव्हते, आणि 1875 मध्ये ती नोकरी गेली. लग्नही टिकले नाही.

तर 1890 च्या ऑगस्टमध्ये हर्न मात्सुए या गावी पोहोचले. शिमाने प्रांतातले हे किल्ला आणि तळे असलेले गाव, राजधानीपासून लांब. पगार महिना 100 येन. नशीब असे की शाळेत निशिदा सेन्तारो नावाचा उत्तम सहकारी भेटला. सरकारी कागदपत्रांपासून गावातल्या रीतीभातींपर्यंत सगळे तोच समजावून सांगे. परक्या गावात असा एक माणूस भेटणे म्हणजे अर्धी नोकरी पक्की झाल्यासारखेच.

मात्सुएतच कोइझुमी सेत्सू यांच्याशी संसार सुरू झाला. त्या सामुराई घराण्यातल्या. सामुराईंचे तनखे बंद झाल्यावर अशा घराण्यांची पार रया गेली होती. आपल्याकडे संस्थाने गेल्यावर काही वाड्यांतून जे झाले तसेच. हर्न यांच्या पगारावर बायकोबरोबर तिच्या माहेरची माणसेही जगू लागली. थंडी सोसेना आणि खाणारी तोंडे वाढलेली, म्हणून 1891 च्या नोव्हेंबरात ते कुमामोतोला गेले. तिथल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक होते ज्यूदोचे जनक कानो जिगोरो. पगार दुप्पट, 200 येन. मन मात्र रमले नाही. पुढे कोबेच्या इंग्रजी वर्तमानपत्रात गेले, तर उरलेला डोळा दुखू लागला आणि तेही सुटले.

खरा पेच इथे होता. 1893 मध्ये मुलगा झाला होता. लग्नाची रीतसर नोंद केली तर सेत्सू आणि मुलगा ब्रिटिश ठरणार, आणि परदेशी माणसाला तेव्हा जपानात जमीन घेता येत नसे. नोंद न करता हर्न गेले, तर मिळकतीवर परदेशातले नातेवाईक हक्क सांगणार. एकच वाट उरली: स्वतःच जपानी व्हायचे. 1896 मध्ये हर्न कोइझुमी घराण्यात दाखल झाले, सरळ म्हणायचे तर घरजावई झाले, आणि कोइझुमी याकुमो हे नाव घेतले.

धोका त्यांना कळत होता. चांगला पगार मिळायचा तो परदेशी म्हणून. जपानी माणसाला त्याच कामाचे कितीतरी कमी मिळत. पण त्याच वर्षी टोकियोच्या इम्पिरियल विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवायला बोलावणे आले ते महिना 400 येनवर. साहित्य विभागाचे प्रमुख तोयामा मासाकाझु यांनी नाव बदलले म्हणून पगार कापला नाही.

शिकवण्याची पद्धत साधी होती. इंग्रजी ही मुलांची भाषा नाही हे ध्यानात धरून हर्न सावकाश, सोप्या शब्दांत बोलत, आणि मुले शब्दन् शब्द उतरवून घेत. पदवी नसलेल्या या माणसाची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर विद्यार्थ्यांच्या त्या वह्यांवरूनच अमेरिकेत पुस्तकरूपाने निघाली. घरी उलटा प्रकार: तिथे विद्यार्थी हर्न. जपानी वाचता फारसे येत नसे, म्हणून सेत्सू जुन्या भुताखेतांच्या गोष्टी मोडक्यातोडक्या, दोघांनाच कळणाऱ्या जपानीत सांगत आणि ते त्या इंग्रजीत लिहीत. ‘क्वाइदान’ हे गाजलेले पुस्तक असेच झाले. सेत्सू यांचे नाव त्यावर नाही, असायला हवे होते.

1900 मध्ये तोयामा वारले आणि पाठीशी कोणी राहिले नाही. 1903 च्या जानेवारीत विद्यापीठाचे पत्र आले: मार्चअखेर करार संपला. आता परदेशात शिकून आलेले जपानी तरुण तयार झाले होते. विद्यार्थी खवळले, मग विद्यापीठाने कमी तासांची तडजोड पुढे केली. हर्न यांनी ती नाकारली. त्यांच्या जागी जे नेमले गेले त्यांत लंडनहून नुकतेच परतलेले नात्सुमे सोसेकी होते, पुढे जपानचे मोठे कादंबरीकार झाले तेच. विद्यापीठ त्यांना वर्षाला 800 येन देई. हर्न यांचे ते दोन महिन्यांचे वेतन. विद्यापीठाचा हिशेब यात दिसतोच, आणि तो चुकीचाही म्हणवत नाही. पण ज्याने मुलांसाठी स्वतःचे नावसुद्धा सोडले, त्याला हे झोंबणारच.

त्याच वर्षी चौथे अपत्य, मुलगी झाली. 1904 च्या वसंतात वासेदा विद्यापीठाने हर्न यांना बोलावून घेतले. ते काम काही महिनेच चालले. 26 सप्टेंबर 1904 ला हृदयविकाराने ते गेले, वय 54. टोकियोच्या झोशिगाया स्मशानभूमीतल्या दगडावर कोइझुमी याकुमो हेच नाव आहे. घर आणि मिळकत बायकामुलांकडेच राहिली, पुस्तकांचा व्यवहार अमेरिकन नौदलातले मित्र मिचेल मॅक्डोनल्ड यांनी पाहिला, आणि सेत्सू 1932 पर्यंत टोकियोतल्या त्याच घरात राहिल्या.