कवि विल्यम कूपर

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे वर्गांतील एखादा विद्यार्थी एकाएकीं अबोल होतो. त्याचें जेवणावरून मन उडतें, रात्रीं त्याला झोंप येत नाहीं, पुस्तक पुढें उघडें असतें पण पान उलटत नाहीं. सोबती त्याला भित्रा म्हणतात, वडील माणसें आळशी म्हणतात, आणि आम्हां ख्रिस्ती लोकांत तर त्याचा विश्वास उणा पडला असेंही कोणी बोलून जातो. आम्हींही एके काळीं एका हुशार मुलास असाच दोष दिला होता. पुढें त्यानें शाळा सोडली, तेव्हां आमची चूक आमच्या ध्यानांत आली. अशा मुलांस व त्यांस नांवें ठेवणारांस, दोघांसही उपयोगीं पडावें म्हणून आज इंग्रज कवि विल्यम कूपर ह्याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

कूपरचा जन्म ता. २६ नोव्हेंबर १७३१ रोजीं इंग्लंडांत हर्टफर्डशर परगण्यांतील बर्कमस्टेड गांवीं झाला. त्याचे वडील तेथील मंडळीचे पाळक होते. १७३७ सालीं, विल्यमला सहा वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास, त्याची आई वारली. ह्या दुःखाचा व्रण किती खोल गेला होता हें पुढील गोष्टीवरून समजेल. ५० हून अधिक वर्षांनीं एका नातलग बाईनें आईची तसबीर त्याच्याकडे पाठविली, तेव्हां म्हातारपणाकडे झुकलेल्या त्या कवीनें तिजवर कविता लिहिली, आणि ती आज त्याच्या उत्तम कवितांत गणली जाते.

आईच्या मागें त्याला वसतीच्या शाळेंत ठेवण्यांत आलें. तेथें सुमारें पंधरा वर्षांचा एक मुलगा त्याचा इतका छळ करी कीं, मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहण्याचा विल्यमला धीर होत नसे; तो त्याला बुटांच्या बकलांवरून ओळखी. अखेर तो प्रकार उघडकीस आला व त्या मुलास शाळेंतून काढून टाकलें. परंतु भय एकदां कोवळ्या मनांत शिरलें म्हणजे भय घालणारा निघून गेला तरी तें जातेंच असें नाहीं.

पुढें लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेंत त्याचें शिक्षण झालें व नंतर तो कायद्याच्या अभ्यासास लागला. एकविसाव्या वर्षाच्या सुमारास त्याला उदासीनतेनें प्रथम घेरलें. उठतां बसतां मन खिन्न राहूं लागलें आणि आवडीच्या ग्रंथांतही गोडी वाटेना. जॉर्ज हर्बर्ट कवीच्या भक्तिपर कवितांनीं त्याला कांहीं विसांवा मिळे. मग मित्रांबरोबर तो साउदॅम्प्टनला समुद्रकांठीं राहावयास गेला व तेथें मनावरील ओझें उतरलें. १७५४ सालीं तो बॅरिस्टर झाला.

खरें संकट १७६३ सालीं आलें. एका नातलगाच्या वजनानें त्याला हाउस ऑफ लॉर्ड्स सभेच्या दप्तरांत चांगली नोकरी मिळत होती. परंतु विरुद्ध पक्षानें हरकत घेतल्यामुळें सभेपुढें उभें राहून परीक्षा देण्याचा प्रसंग आला. कूपर महिनेच्या महिने कचेरींत जाऊन दप्तर चाळी, पण भयानें गांगरलेल्या बुद्धींत एक अक्षर उतरत नसे. परीक्षेचा दिवस जसजसा जवळ आला तसतसा तो इतका निराश झाला कीं, त्यानें आत्मघाताचा प्रयत्न केला. देवाच्या दयेनें तो वांचला. नंतर त्यानें आपल्या नातलगास बोलावून सर्व हकीकत सांगितली, तेव्हां त्या गृहस्थानें ती नेमणूक तेथल्या तेथें रद्द करविली. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या परीक्षेपायीं हा तरुण जिवावर उदार झाला, ती टाळण्यास एका माणसाजवळ मन मोकळें करणें पुरेसें होतें.

परंतु आजार बळावला होता. सेंट आल्बन्स येथें डॉक्टर नॅथॅनियल कॉटन ह्यांच्या आश्रयगृहांत त्याला सुमारें दीड वर्ष ठेवावें लागलें. हे डॉक्टर दयाळू, धर्मशील व स्वतः कवि होते. तेथें शास्त्रपठनानें व त्यांच्या ममतेनें कूपर सुधारला. १७६५ सालीं हंटिंग्डन येथें अनविन नांवाच्या पाळकाच्या कुटुंबांत त्याला आसरा मिळाला. १७६७ सालीं अनविनसाहेब घोड्यावरून पडून वारले. तरी त्यांची पत्नी मेरी हिनें कूपरला अंतर दिलें नाहीं. तीं सर्व ओल्नी गांवीं जाऊन राहिलीं. तेथील पाळक जॉन न्यूटन हे एके काळीं गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते व पुढें पश्चात्ताप पावून प्रभूचे सेवक झाले होते. दोघां मित्रांनीं रचलेल्या गीतांचा संग्रह १७७९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील साठांहून अधिक गीतें कूपरचीं आहेत.

आतां जें सांगावयाचें तें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ज्याचीं गीतें आजही मंडळ्यांतून गाइलीं जातात, त्याच कूपरला १७७३ सालीं पुन्हां आजारानें गांठलें, आणि देवानें आपला कायमचा त्याग केला आहे अशी त्याच्या मनाची खात्री झाली. त्यानंतर तो उपासनेस जाईनासा झाला. न्यूटनसाहेबांनीं त्याला एक वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें व अनविनबाईनें रात्रंदिवस शुश्रूषा केली. दोघांपैकीं कोणीही त्याला पाखंडी म्हटलें नाहीं. ताप आलेल्या माणसाच्या बडबडण्यावरून आपण त्याची श्रद्धा मोजीत नाहीं. मनाच्या दुखण्यासही तोच न्याय लाविला पाहिजे.

हळूहळू तो उठून कामास लागला. १७७४ सालीं कोणीं आणून दिलेलीं सशाचीं तीन पिलें त्यानें पाळलीं. तीं तिन्ही नर असतां पस, टायनी व बेस अशीं त्यांचीं नांवें ठेविलीं. त्यांच्यासाठीं तो सुतारकाम शिकला, बाग केली, चित्रें काढलीं व मित्रांस पत्रें लिहिलीं. पुढें अनविनबाईच्या आग्रहानें तो मोठीं काव्यें लिहूं लागला, आणि १७८२ सालीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, त्याचा कवितासंग्रह बाहेर पडला. लेडी ऑस्टेन ह्या मैत्रिणीनें सांगितलेल्या एका गमतीच्या गोष्टीवरून त्यानें जॉन गिल्पिनची कविता रचली. उधळलेल्या घोड्यावरच्या त्या कापडवाल्यास सारें इंग्लंड हसलें. परंतु तें हसूं किती दुःखी मनांतून आलें होतें हें थोड्यांसच ठाऊक असेल. १७८५ सालीं ‘द टास्क’ हें त्याचें मोठें काव्य निघालें, १७८८ सालीं त्यानें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कविता लिहिल्या, आणि १७९१ सालीं होमरच्या दोन्ही महाकाव्यांचें भाषांतर प्रसिद्ध केलें.

ह्या चरित्राचा शेवट गोड आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. १७८७ सालीं आजार पुन्हां उलटला. नंतर अनविनबाईस अर्धांगवायु झाला. जिनें सेवा केली तिची सेवा करण्याची पाळी कूपरवर आली, व ती त्यानें शक्ति होती तोंवर केली. १७९६ सालीं ती वारली. कूपर नॉर्फकमधील ईस्ट डीरम येथें ता. २५ एप्रिल १८०० रोजीं मरण पावला. त्याची निराशा शेवटपर्यंत पूर्णपणें हटली नाहीं. तथापि १७६३ सालीं जें आयुष्य संपविण्यास तो निघाला होता, तें पुढें ३६ वर्षें चाललें, आणि त्याचीं सर्व नामांकित काव्यें त्याच ३६ वर्षांतलीं आहेत.

कूपरच्या काळीं ह्या दुखण्यावर खरा औषधोपचार नव्हता, आज आहे. डॉक्टरांशीं बोलून व औषधें घेऊन पुष्कळ रोगी बरे होतात. विद्यार्थीमित्रहो, झोंप व भूक गेली, कशांतही गोडी वाटेनाशी झाली, आपण अगदीं निरुपयोगी आहों असें वाटूं लागलें, आणि ही स्थिति दोन आठवडे टिकली, तर तें मनांत कोंडून ठेवूं नका. आईवडिलांस, शिक्षकांस किंवा डॉक्टरांस सांगा. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य व मराठींतूनही बोलतां येतें. आणि एखादा सोबती मरणाची भाषा बोलूं लागला, तर त्यानें शपथ घातली असली तरी तें गुपित ठेवूं नका. त्याच दिवशीं वडील माणसाच्या कानावर घाला.

कूपरसारखी काव्यशक्ति सर्वांस लाभत नाहीं. परंतु अनविनबाईसारखें एखाद्या दुःखिताजवळ बसून राहणें कोणासही साधण्यासारखें आहे. येत्या परीक्षेच्या दिवसांत आमचे विद्यार्थी आपल्या शेजारच्या बाकाकडे एकवार पाहतील, तर हें चरित्र लिहिल्याचें आम्हांस समाधान वाटेल.