गावोगावी पुस्तकांची पेटी पाठवणारे सयाजीराव

बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीचा विषय निघाला की आपण महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव आदराने घेतो आणि तिथेच थांबतो. त्यांनी बडोदा संस्थानात उभारलेली ग्रंथालये मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतात.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावात शेतकरी कुटुंबात जन्मलेला गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. १८८१ मध्ये कारभार हाती आल्यावर सयाजीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला येईनात, तेव्हा मुस्लिम शिक्षक नेमले. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले.

पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक आले नाही, तर शिकलेली अक्षरेही विसरतात. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते सुरू केले. स्वतःच्या संग्रहातील सुमारे २०,००० पुस्तके बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. तिथे स्त्रियांची आणि मुलांची वेगळी सोय होती. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना पडद्यावर चित्रे दाखवून माहिती दिली जाई. ज्या गावात ग्रंथालय नव्हते, तिथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जाई आणि वाहतुकीचा खर्च सरकार सोसत असे.

गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे असेल, तर खर्चाचा एक वाटा गावाने वर्गणीतून उभा करायचा. तेवढाच वाटा स्थानिक मंडळ देई आणि तेवढाच सरकार. त्यामुळे ग्रंथालय हे राजाचे दान न राहता गावाचे स्वतःचे काम झाले.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब याच बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. राजाच्या हुकमाने पुस्तके गावोगावी गेली, पण माणसांच्या मनातली जात त्या हुकमाने गेली नाही.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव गेले. आज आपल्या अनेक विहारांत पुस्तकांचे कपाट असते, पण त्याची किल्ली कोणाकडे आहे हे शोधावे लागते. त्यासाठी राजाची वाट पाहायची गरज नाही. ठरलेल्या वेळी कपाट उघडणारा एक कार्यकर्ता, वर्गणीतून घेतलेली स्पर्धा परीक्षेची चार पुस्तके आणि वस्तीतल्या मुलींनाही बसता येईल अशी जागा, एवढे आपल्याला जमण्यासारखे आहे. गावाचा एक वाटा आधी, हा बडोद्याचा नियम आपणही लावून घेऊ. आणि दार उघडताना आत येणाऱ्याची जात विचारायची नाही, हा त्यातला आपला नियम.