पंडिता रमाबाई : श्रद्धेची पायवाट

वेलचेरीतील आपली मराठी कुटुंबे पहाटे निघून तिरुपतीचे दर्शन घेतात आणि रात्री घरी परततात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. त्याच परिसरात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एक मराठी कुटुंब अन्नावाचून मरणपंथाला लागले होते, हे आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या कुटुंबातील धाकट्या मुलीला महाराष्ट्र पुढे पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागला. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात त्यांचे स्मरण करावेसे वाटते, ते त्यांच्या कीर्तीपेक्षा त्यांच्या रोजच्या जगण्यातील ईश्वरनिष्ठेसाठी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे व्युत्पन्न पंडित. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. तरी त्यांनी आपला हेका सोडला नाही. रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाने तीर्थयात्रा आरंभिली. देवळांत पुराण सांगावे, मिळालेल्या दक्षिणेवर राहावे, उरेल ते दानधर्मात घालावे असा क्रम होता. आई लक्ष्मीबाईंनी मुलीकडून संस्कृत पाठ करवून घेतले ते याच भ्रमंतीत.

मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हा क्रम मोडून पडला. देव प्रसन्न व्हावा म्हणून या कुटुंबाने उपवास केले, अनुष्ठाने केली आणि जवळचे होते नव्हते तेही दान केले. भांडीकुंडी, दागिने, वस्त्रे विकून झाली. मजुरी करणे शास्त्र्यांच्या घराला कमीपणाचे, आणि लौकिक विद्या कुणालाच शिकविलेली नव्हती. व्यंकटगिरी सोडून ही मंडळी मरण्यासाठी रानात शिरली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढले. वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि कुळाचा अभिमान बाजूस ठेवून आपण मोलमजुरी करू असे त्याने सांगितले. पण उशीर झाला होता. १८७४ साली प्रथम वडील व त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आई गेली. आईची तिरडी उचलायला चौथा माणूस मिळेना म्हणून सोळा वर्षांच्या रमेने खांदा दिला. पुढे थोरली बहीणही दगावली.

त्या रानातील श्रद्धा खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. अनंतशास्त्र्यांइतका निष्ठावंत पुरुष विरळा. परंतु त्या श्रद्धेने हात बांधून ठेवले होते, ही गोष्ट रमाबाई कधी विसरल्या नाहीत. त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहताना हा प्रसंग मनात धरावा लागतो.

भावंडांनी सुमारे ४,००० मैलांची पायपीट केली आणि १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचण्यास दिले. शास्त्रे चाळताना त्यांना एक गोष्ट खुपू लागली : स्त्री आणि शूद्र यांना स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही, या बाबतीत एरवी भांडणारे ग्रंथ एकमेकांशी सहमत होते. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या; परंतु ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत राहिला.

वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात त्या उतरल्या होत्या. या भगिनींनी लंडनजवळ पतित स्त्रियांसाठी चालविलेले काम त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या बाईला पुन्हा उभे करणारा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना तेथे पडला आणि शोमरोनी स्त्रीच्या कथेत त्यांना त्याचे उत्तर सापडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. ख्रिस्ताला शरण गेलेली ही बाई बिशपांना शरण गेली नाही. त्यांनी कोणास शिकवावे, काय मानावे, हे ठरवू पाहणाऱ्या धर्मगुरूंशी त्यांनी पत्रांतून निर्भीड वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, हा प्रश्न त्यांनी विचारलाच. शाकाहार आणि पांढरे सुती लुगडे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई; पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या त्याच. सदन पुण्यास आल्यावर, १८९३ साली, वादळ उठले. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. सल्लागार मंडळातून रानडे व भांडारकर बाहेर पडले. सुधारकांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. धर्मनिरपेक्षतेच्या वचनाविषयीची त्यांची चिंता समजण्यासारखी होती. पण दार लावून घेणे रमाबाईंना जमण्यासारखे नव्हते.

खुद्द रमाबाईंच्या मते या काळापर्यंत त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. १८९१ च्या सुमारास त्यांच्या मनाला खरी शांती लाभली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालविली होती. त्याचे चरित्र त्यांनी वाचले आणि हे भारतात का घडू नये, असे त्यांना वाटू लागले. परीक्षेची वेळ लवकरच आली. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना स्वतःचे रानातील दिवस आठवले असतील, यात नवल नाही. पैशाची निश्चिती नसताना त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतावर तंबू ठोकले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांवर गेली.

दीड हजार तोंडांच्या घरात उद्याच्या धान्याची चिंता कशी असते, हे गृहिणींना सांगायला नको. रमाबाई पहाटे उठून प्रार्थना करीत, आणि मग कामाला लागत. शेती, दुभती जनावरे, हातमाग, तेलघाणी, शिवण, छापखाना अशी अनेक कामे मुली शिकल्या. आंधळ्या स्त्रियांना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. कृपा सदनात पतित स्त्रियांना आसरा मिळे. प्रार्थना झाली म्हणून विहीर खणणे थांबले नाही, आणि विहीर खणली म्हणून प्रार्थना थांबली नाही. रानात जे अलग पडले होते ते केडगावात एकत्र आले. १९०५ साली तेथे झालेल्या धार्मिक पुनरुज्जीवनात मुली रात्र रात्र रडत, प्रार्थना करीत. तो प्रकार पाहून कित्येक ख्रिस्ती लोकही बिचकले.

उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. हिंदू उपासनेचा वास येणारे शब्द कटाक्षाने टाळल्यामुळे ती भाषा काही ठिकाणी रूक्ष झाली, असे आम्हांला वाटते. नवा करार १९१३ साली निघाला. सारी भिस्त जिच्यावर ती मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. एकामागून एक सारी माणसे गमावलेल्या त्या मातेने भाषांतराचे काम टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे आश्रमातील स्त्रियांनी जुळविले होते.